चौथी ओळ

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

शेवटी आज वर जाऊन सांगितलं. तीन महिने सहन केलं, हे माझ्या मानाने फार झालं.

वरचा मजला भाड्याने घेताना सत्यम म्हणाला होता, "काकू, आम्ही मित्रमित्र शनिवार-रविवार थोडं म्युझिक करतो." मला वाटलं, ऐकत असतील. करतात म्हणजे ड्रम, चार तारांची ती बास गिटार आणि स्पीकर लावून करतात. बँडचं नाव 'जायकवाडी जंक्शन'. जायकवाडीला धरण आहे, जंक्शन नाही, हे मी दारातच सांगितलं. ड्रमवर बसलेला मुनीब म्हणाला, "म्हणूनच तर आमची गाडी अडकलीय, काकू." आगाऊ आहे. शहागंजात मोबाईल दुरुस्त करतो.

गाडी अडकली, कारण त्यांचा गिटारवाला राजकुमार नोकरी लागून पुण्याला गेला. आणि चौदा डिसेंबरला सिडकोतल्या सभागृहात यांचा कार्यक्रम आहे. बास सोडून सत्यमच गिटार वाजवून बघत होता. चुकीची. मी म्हटलं, "ते बोट एक पट्टी पुढे घे." तो म्हणाला, "तुम्हाला येते?" मी हातात घेऊन दाखवली. दाखवता दाखवता तीन गाणी झाली. खाली आल्यावर लक्षात आलं की तक्रार करायची राहिली.

१० नोव्हेंबर, सोमवार

माळ्यावरून माझी गिटार काढली. तारा गंजल्यात, पण मान सरळ आहे. माझ्या वयाच्या किती जणींबद्दल हे म्हणता येईल.

सातवीत असताना कॉन्व्हेंटमधली प्रार्थनेची पेटी उंदरांनी खाल्ली, तेव्हा सिस्टर ॲग्नेसनी मला गिटार शिकवली. दोनशे मुली गायच्या आणि मी एकटी साथीला. सिस्टरचा नियम एकच होता: गाणारीचा हात सोडायचा नाही. ती जो शब्द म्हणेल त्याचाच सूर आपण द्यायचा, प्रत्येक शब्दाला, नाहीतर मुली भरकटतात. चार वर्षांत माझ्या साथीला एकही मुलगी भरकटली नाही. पुढे टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लोकांचे फोन जोडले, तिथंही हाच नियम ठेवला. मध्ये शांतता पडू द्यायची नाही. पडली की लोक फोन ठेवतात.

सत्यमला सांगितलं, चौदा तारखेपर्यंत येईन. फक्त त्यांची अडचण आहे म्हणून.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मुख्य गाणं घेतलं. लिहिते आणि गाते कहकशा. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मूळची सिल्लोडची. अंगाने काडी, आवाजही तसाच. मला 'आंटी' म्हणते आणि प्रत्येक वाक्याआधी एकदा सत्यमकडे बघते.

गाण्याचं नाव 'खिडकीची जागा'. म्हणजे एसटीतली. मी विचारलं, जगात प्रेम, निसर्ग, देशभक्ती एवढे विषय असताना एसटी कशाला? कहकशा म्हणाली, "आंटी, नानीवर आहे." तिला तिच्या नानीने वाढवलं, जैतुनबी नाव. इथं कॉलेजला यायला लागल्यापासून दर सोमवारी सिल्लोडच्या स्टँडवर नानी गर्दीत घुसून खिडकीतून रुमाल टाकायची आणि नातीची जागा धरायची. आता नानीला एकाच कानाने ऐकू येतं, तेही शांतता असली तर. चौदा तारखेला ती मुद्दाम येणार आहे. नातीने आपल्यावर गाणं केलंय हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तिथंच कळायचं आहे.

गाणं ठीक आहे. तीनच ओळींचं कडवं:

गर्दीत आधी रुमाल गेला,
मागून तुझा हात,
खिडकीची जागा माझी झाली

आणि इथं पोरीचा दम संपतो. पुढे काहीतरी पुटपुटते. मला दिलेल्या कागदावर सत्यमने फक्त कॉर्ड लिहिलेत, शब्द तिच्या डोक्यात. चौथी ओळ करायचा कंटाळा केला असावा. हल्लीच्या मुलांचं असंच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज आठव्या दिवशी नळ आला, दुपारी साडेतीनला, पाऊण तास. टाकी, पिंप, दोन हंडे, सगळे तांबे. आठ दिवसांनी पाणी, या विषयावर वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. चारशे शब्द झाले. एकही कमी करता येईना.

२३ नोव्हेंबर, रविवार

माझा भाग तयार झाला, आणि मोकळेपणाने लिहायचं तर चांगला झाला आहे.

कहकशा गाते त्या प्रत्येक शब्दाला मी तोच सूर देते, म्हणजे आवाजाला आधार. आणि तिसऱ्या ओळीनंतर ती जी रिकामी जागा राहते, तिथं मी एक लड बसवली आहे. बारा सूर, वरून खाली, शेवटी एक गिरकी. पोरीचा दम संपतो हे आता कोणाला कळणारसुद्धा नाही.

सत्यम म्हणाला, "काकू, भारी आहे. तिथं थोडं कमी करता येईल का?"

"कमी करायला ती काय भाजी आहे? मीठ जास्त झालंय का?"

"नाही, नाही. मीठ बरोबर आहे."

मुनीब म्हणाला, "काकू, भाजी दिसत नाहीये, एवढंच." सगळे हसले. मलाही हसू आलं, पण अर्थ लागला नाही.

मग त्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून मला ऐकवलं. फार छान आलंय. गिटार अगदी स्वच्छ ऐकू येते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या गिटारीला त्यांनी एक चकती चिकटवून वायरीने आवाजाच्या पेटीला जोडली आहे. पेटी खराब आहे. मी वाजवायला बसते तेव्हा आवाज असतो, दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मा होतो. मी बटण पुन्हा वर करते. सत्यम अधूनमधून माझ्या मागे येऊन त्या पेटीवरची धूळ पुसतो. मुलगा स्वच्छ आहे, घरच्यांनी वळण चांगलं लावलंय.

शेजारच्या पारूबाई भिंतीवरून म्हणाल्या, "ताई, तुमी वाजवाय लागल्या की माझ्या बकऱ्या दूध चोरत्यात, सोडतच नायत."

मी म्हटलं, "मग त्या बँडमुळे चोरत असतील. ड्रम किती जोरात असतो."

"ड्रमाला सरावल्यात आता. मधात ते टुणटुणटुणटुण येतं ना, तवा लाथ मारत्यात."

पारूबाईंच्या तीन पिढ्या जनावरांमागे गेल्या. संगीताबद्दल त्यांचं मत मी मनावर घेत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

कहकशाने आज सरावाच्या मध्येच माईक खाली ठेवला. म्हणाली, "आंटी, हे गाणं आपण काढून टाकू. दुसरी सहा आहेत ना, ती करू."

मी विचारलं, का? म्हणाली, "मेरी आवाजच छोटी आहे. नानीला शब्द नाही कळणार. नुसती समोर बसून राहील आणि नंतर माझी समजूत घालायला म्हणेल, बहोत अच्छा हुआ. ते मला नाही चालणार. त्यापेक्षा नकोच."

मी तिला पाठ सरळ ठेवून श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. पोटातून. सिस्टर पोटावर पुस्तक ठेवायच्या. मग म्हटलं, "तू घाबरू नकोस, मी आणखी जोरात वाजवते. तुझा हात सोडणार नाही." तिने सत्यमकडे बघितलं. सत्यमने मुनीबकडे. मुनीब छताकडे बघत होता.

ठरलं असं की मंगळवारी एकदा शेवटचं करून बघायचं. नाही जमलं तर गाणं काढायचं. मला वाईट वाटलं. एवढी बारा सुरांची लड फुकट जाणार.

२ डिसेंबर, मंगळवार

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहिते.

संध्याकाळी सहाला सराव सुरू झाला. 'खिडकीची जागा' घेणार, मी पेटीचं बटण पूर्ण वर केलं, एवढ्यात मुनीब ड्रममागून उठून गॅलरीत गेला आणि ओरडला, "काकू, खाली नळ आलाय बघा."

माझी पाण्याची पाळी सहा तारखेला. गेल्या शुक्रवारीच येऊन गेला होता. पण माझं पत्र रविवारी छापून आलं आहे, तेव्हा मला वाटलं, परिणाम झाला. गिटार खुर्चीवर ठेवली आणि धावत खाली आले. पिंपाचं झाकण काढलं, पाइप लावला, तोटी फिरवली. नुसती हवा. फुस्स करून नळ गप्प. मी तशीच पाइप धरून उभी राहिले. कधी कधी पाच मिनिटांनी धार लागते.

वर त्यांनी माझ्याशिवाय गाणं सुरू केलं. शिस्त नाही. पण तिथं अंगणात उभी असताना कहकशाचा आवाज जिन्यातून खाली आला आणि मला प्रत्येक शब्द ऐकू आला. आवाज छोटाच होता. पण गल्लीत रिक्षा गेली तरी तो पुसला गेला नाही.

गर्दीत आधी रुमाल गेला,
मागून तुझा हात,
खिडकीची जागा माझी झाली,
तू उभी उन्हात.

चौथी ओळ आहे. पहिल्यापासून होती. खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी. मी तिच्या डोक्यावर बारा सूर ओतत होते.

दुसरं कडवं होईपर्यंत मी पायरीवर बसून होते. पाणी आलं नाही. भिंतीवरून पारूबाई म्हणाल्या, "ताई, पाइप घिऊन कामून बसल्या? आज कुठला नळ?" मी म्हटलं, येऊन गेला. त्या म्हणाल्या, "मला कसा नाय दिसला?"

वर गेले नाही. जिन्यातूनच सांगितलं की मला जरा बरं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

पाणी सोडणारा कडुबा सकाळी रस्त्यात भेटला, त्याला धरलं. म्हणाला, "काकू, काल तुमच्या लाइनला सोडलंच नव्हतं. तुमचं सहा तारखेला." मी म्हटलं, मी स्वतः हवा ऐकली आहे. म्हणाला, "हवा कायमच असती, काकू." खोटं बोलण्याची काय पद्धत असते एकेकाची.

आज गिटारीला हात लावला नाही.

अण्णा हर्सूलच्या तुरुंगात शिपाई होते. मला छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये घालायचं हे त्यांनीच ठरवलं, आणि सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून रोज तेच सोडायला न्यायचे. सहावीत गेल्यावर मी त्यांना सांगितलं, गेटपर्यंत येऊ नका. खाकी कपडे, पायात त्या जाड वहाणा, बाकीच्या मुली मोटारीतून उतरायच्या. ते बरं म्हणाले. सुटायच्या वेळी रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे. दुपारचे अडीच वाजलेले असायचे. मी मैत्रिणी गेल्यावर रस्ता ओलांडायची.

कशावरून कुठं आले. आज भाजीत मीठ घालायलाही विसरले.

४ डिसेंबर, गुरुवार

मुलांना बोलावून सांगितलं की मी विचारपूर्वक एक निर्णय घेतला आहे. कडव्यात गिटार वाजणार नाही. शब्दांना सुराची गरज नाही. चौथ्या ओळीच्या अंगावर कोणीही यायचं नाही, ड्रमनेसुद्धा नाही. ही माझी कल्पना आहे आणि यावर चर्चा नको.

सत्यम म्हणाला, "काकू, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं."

मुनीब म्हणाला, "खरंच. असं सुचायला अनुभव लागतो." त्याला खोकला आला, तो गॅलरीत गेला. ड्रमवाल्यांनी धुळीत बसू नये.

मी पहिल्यांदाच कहकशाच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "नानी उन्हात उभी. मग पुढे काय होतं?"

"पुढे काही नाही, आंटी. ती बघत राहते. मी पण."

"किती वेळ?"

"जोपर्यंत कंडक्टर डबल बेल देत नाही. टिंग टिंग. मग गाडी निघते."

मी गिटार घेतली. सगळ्यात बारीक तारेवर बाराव्या पट्टीपाशी बोट नुसतं टेकवलं आणि तार छेडली. घंटेसारखा सूर निघतो. सिस्टर नाताळात वाजवायला लावायच्या. दोनदा. टिंग टिंग. मग ध्रुवपद, पूर्ण हाताने, गाडी निघाल्यासारखं. गाण्याच्या शेवटी एकच टिंग. सिंगल बेल, गाडी थांबली.

मुनीब म्हणाला, "काकू, आता अंगावर काटा आला. मस्करी नाही."

गाणं ठेवायचं ठरलं. एवढं वाजवून माझे एका कडव्याला दोन सूर. बारांतून दहा गेले.

७ डिसेंबर, रविवार

न वाजवणं मला जमत नाही. चार ओळी हात तारांवर ठेवून बसायचं, म्हणजे चार ओळी तोंडात पाणी धरून बसायचं. दुसऱ्या ओळीला बोटं आपोआप हलतात. आणि चौथ्या ओळीनंतर जी शांतता हवी ती मला दोन मोजण्याइतकीही धरवत नाही. मी लगेच टिंग करते. कहकशा म्हणते, "आंटी, नानी अजून दिसतेय ना, एवढ्यात गाडी नका सोडू."

माझा हात हलला की मुनीब ड्रममागून ओरडतो, "नळ." आता सत्यमने माझ्या कागदावर प्रत्येक कडव्याच्या जागी मोठ्या अक्षरात 'नळ' लिहून दिलंय. म्हणजे काकू खाली गेल्या, वर कोणी नाही. मला हा विनोद पसंत नाही, पण उपयोगी आहे. अकरा वेळा केलं. शेवटच्या तीन वेळा जमलं.

पारूबाई म्हणतात, बकऱ्या पुन्हा नीट दूध द्यायला लागल्या. ड्रम हळू केला असेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आत्ता हिशोब केला. सहाला नळ आला, म्हणजे पुढचा चौदाला. बरोबर रविवारी, आणि संध्याकाळी येणार, कारण दर पाळीला वेळ पुढे पुढे चाललीय. निवृत्त झाल्यापासून मी एकही नळ चुकवलेला नाही. सख्ख्या भाचीच्या साखरपुड्यातून उठून आले होते.

पारूबाईंनी भिंतीवरून ऐकलं. "तुमी जावा, ताई. टाकी म्या भरून ठिवते. किल्ली तेवढी द्या." मी म्हटलं, मोटर सुरू करताना आधी तोटी बघायची, पिंप आधी भरायचं, मग हंडे. त्या म्हणाल्या, "ताई, तितंबी नळ म्हणा अन् गप बसा." हे त्यांना कोणी सांगितलं, ते शोधायला हवं.

१५ डिसेंबर, सोमवार सकाळ

काल लिहायला वेळ नव्हता, आता लिहिते.

सभागृह निम्मं भरलं होतं. जैतुनबी पहिल्या रांगेत. एवढीशी बाई, पांढरी ओढणी, मांडीवर जेवणाचा डबा. उजव्या कानाने ऐकू येतं म्हणून त्या तिरक्या बसल्या होत्या, स्टेजला कान देऊन, तोंड भिंतीकडे. मला वाटलं, बघायचंच नसेल तर आल्या कशाला, मग कळलं.

पहिली सहा गाणी झाली. त्यांत मी भरपूर वाजवलं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग सातवं. कहकशाने नाव सांगितलं, "खिडकीची जागा." एवढंच. कोणावर आहे ते सांगितलं नाही.

सत्यमची बास सुरू झाली, बसच्या इंजिनासारखी. कहकशाने पहिली ओळ घेतली. माझा हात तारांवर सपाट. समोर कोणीतरी शेजारणीला हळूच म्हणालं, "म्हातारी विसरली वाटतं." मला ऐकू आलं. त्या बाईचा चेहरा मी लक्षात ठेवला आहे. बोट हललं. मुनीबने नुसते ओठ हलवले: नळ. बोट थांबलं.

रुमाल गेला. हात गेला. जागा मिळाली. तू उभी उन्हात.

मुनीबने काठ्या मांडीवर ठेवल्या. सत्यमने तार दाबून धरली. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा. मी मनात मोजायला लागले, एक, दोन, तीन, आणि जैतुनबींनी तोंड भिंतीकडून फिरवून सरळ नातीकडे बघितलं आणि घरात बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या:

"धूप में कायकू? मैं तो लिंब के नीचे खडी थी."

सगळं सभागृह हसलं. कहकशा हसली, मग हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. शब्द न् शब्द पोचला होता. नुसता पोचला नव्हता, चूक काढून परत आला होता. ठरल्याप्रमाणे आता मला घंटा द्यायची होती. दिली नाही. लोक हसायचे थांबेपर्यंत थांबले. मग जैतुनबी पुन्हा कान देऊन तिरक्या बसेपर्यंत थांबले. मुनीब माझ्याकडे बघत होता; त्याला वाटलं असेल, काकू खरंच विसरल्या. नातीचं आणि नानीचं बघून होईपर्यंत मी गाडी सोडली नाही.

टिंग टिंग.

नंतर जैतुनबींनी डबा उघडला, सगळ्यांना मक्याच्या वड्या दिल्या. मला विचारलं, "आप क्या बजा रहे थे?" मी म्हटलं, घंटा. म्हणाल्या, "अच्छी बजाई. कंडक्टर लोग इतना नहीं रुकते."

घरी आले तर टाकी काठोकाठ. पिंप, हंडे, तांबे, अगदी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवली होती. मुनीबला मी जिन्यात म्हटलं की दोन तारखेच्या नळाबद्दल मी कडुबाची लेखी तक्रार करणार आहे. तो एकदम म्हणाला, "जाऊ द्या ना काकू, गरीब माणूस आहे," आणि माझी गिटार न सांगता वर घेऊन गेला. मन मोठं आहे पोराचं. सत्यमने विचारलं, जानेवारीत एक कार्यक्रम आहे, याल का? मी म्हटलं, पाण्याची तारीख बघून सांगते.

एक गोष्ट सकाळपासून डोक्यातून जात नाही. कॉन्व्हेंटच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, अण्णा उभे राहायचे तिथं झाड होतं का? किती आठवलं तरी मला फक्त खाकी शर्ट आणि सायकल दिसते. वर काय होतं ते मी कधी बघितलंच नाही.

अकराला छावणीची सिटी बस आहे. जाऊन बघून येते.